‘आपण हरलो’ म्हणण्याचा हक्क

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत या दोन्हींचे काम ‘हम’ हा एकच शब्द करतो. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकताना मुले हमखास इथे अडखळतात. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो, हे नुसते सांगून मुलांच्या गळी उतरत नाही. मग आम्ही शिक्षक क्रिकेटचा आधार घेतो. भारताच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काल आपण जिंकलो’ असे वाक्य आले, की समजावे, व्याकरण कळले.

‘काल आपण हरलो’ हे वाक्य मात्र फार कमी वेळा ऐकू येते. हरल्यावर मुले म्हणतात, ‘ते हरले’, ‘त्यांनी मॅच घालवली’. मोठी माणसेही असेच बोलतात. जिंकताना जो संघ आपला असतो तो हरताना त्यांचा होतो. हरत असलेल्या संघाशी चाहत्याने कसे वागावे, त्याला धीर द्यावा की त्याचे दोष दाखवावेत, हा जुना वाद आहे. या वादाचे मूळ आम्हांला त्या सर्वनामाच्या बदलात दिसते.

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या कडेची दोन तालुक्याची गावे. शिरूर नगर रस्त्यावर. जुनी माणसे त्याला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड रेल्वेचे जंक्शन. तिथे रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांच्यामुळे नाना मुलखांतली माणसे येऊन राहिली. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांनी आणखी माणसे आणली. पण सामन्याच्या दिवशी दोन्ही गावांतल्या चहाच्या टपऱ्यांवर एकच दृश्य दिसते आणि तिथे दोनच पंथ असतात. एक म्हणतो, ‘वाईट दिवस कुणाचे येत नाहीत? पोरांच्या पाठीशी उभे राहा.’ दुसरा म्हणतो, ‘डोक्यावर बसवून ठेवलेत, म्हणून ही गत झाली.’ पहिला दुसऱ्याला निंदक म्हणतो, दुसरा पहिल्याला भाट.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हरलेल्याला आपण हरलो हे कुणी सांगावे लागत नाही. त्याच्या जखमेवर मीठ चोळून काय साधते? उलट बाजूने, ताप आलेल्या माणसाला ‘तुझे अंग काही गरम नाही’ असे सांगणारा त्याचा हितचिंतक कसा म्हणावा? औषध कडू असते म्हणून ते टाळले, तर दुखणे अंगावरच राहते.

शिक्षकाला हा पेच दरवर्षी सोडवावा लागतो. प्रगतिपत्रकावर वर्णनात्मक नोंदींसाठी तीन रकाने असतात: ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’. जो शिक्षक फक्त पहिला रकाना भरतो तो पालकांची फसवणूक करतो. जो फक्त तिसरा भरतो तो मुलाच्या मनातून शाळा उतरवतो. तिसऱ्या रकान्यात काय लिहिले आहे यालाही महत्त्व आहे. ‘गणितात कच्चा’ या नोंदीचे मुलाने काय करावे? ‘हातचा घ्यायला विसरतो’ असे लिहिले तर त्याला उद्यापासून काही करता येते. पहिली नोंद म्हणजे निकाल. दुसरीला आम्ही टीका म्हणतो.

‘टीका’ हा शब्द आज बदनाम झाला आहे. कुणी टीका केली म्हणजे वाभाडे काढले असाच अर्थ घेतला जातो. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेतले दोष काढले नाहीत, तिचा अर्थ लोकांच्या भाषेत उलगडला. उर्दूत टीकेला ‘तनकीद’ म्हणतात. तो शब्द ‘नक्द’ या अरबी मुळातून आला. खऱ्या नाण्यातून खोटे नाणे पारखून वेगळे करणे, हा त्याचा मूळचा अर्थ. मराठीतला ‘नगद’ त्याच कुळातला. बाजारात रोज तो आपल्या तोंडी असतो. टीका करायची तर वस्तूजवळ बसून ती समजून घ्यावी लागते. तनकीद करायची तर नाणे हातात घेऊन पाहावे लागते. ज्याला ते नाणे आपल्या गल्ल्यात ठेवायचेच नाही, तो पारखायच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे दोन्ही भाषांनी टीकेच्या पोटात आपलेपणा गृहीत धरलेला आहे.

हा आपलेपणा सुटला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. मुंबईत मिरवणूक निघाली. इंदूरला या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची प्रचंड बॅट उभारली गेली. १९७२-७३ साली घरच्या मैदानावरही वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवले. मग १९७४ चा इंग्लंड दौरा आला. तिन्ही कसोटी सामने आपण हरलो. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सगळा संघ ४२ धावांत बाद झाला. त्यात एकट्या एकनाथ सोलकरांनी दोन आकडी धावा केल्या, नाबाद १८. संघ परतल्यावर वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या त्या बॅटला काळे फासले गेले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले आणि त्यांनी खेळणे थांबवले. लागोपाठ तीन मालिका जिंकणाऱ्या कर्णधाराचा हिशेब एका मालिकेने चुकता झाला.

त्या दगडांना टीका म्हणता येणार नाही. पहिल्या सामन्यात काय चुकले, थंड हवेत वळणाऱ्या चेंडूला आपले फलंदाज का सापडले, संघात बेबनाव होता काय, हे प्रश्न विचारणे ही टीका झाली असती. दगड मारणाऱ्याला कोणताही प्रश्न नव्हता. विशेष म्हणजे १९७१ च्या आंधळ्या जयघोषातलीच माणसे १९७४ च्या दगडफेकीत असणार, असे मानायला जागा आहे. जो जिंकताना डोळे मिटून नाचतो, त्याला हरताना डोळे उघडून पाहण्याची सवयच नसते. तेव्हा खुशामद आणि दगड यांत वरवर दिसते तेवढे अंतर नाही. दोघांनाही खेळाकडे पाहायचे नसते.

याउलट उदाहरण आमच्या शेजारचेच आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिली. कबड्डी हा आमच्या भागाचा घरचा खेळ. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या की तो सुरू होतो. त्यामुळे पलटणच्या चुका सांगायला इथे कुणाला तज्ज्ञ लागत नाही. बचावपटूने उगाच आगाऊ पकड केली, शेवटच्या मिनिटात चढाईला नको तो गेला, बोनसच्या मोहात गडी बाद झाला, लोण टाळता आला असता, अशी चिरफाड टपरीवर रोज चाले. तरी पुढच्या सामन्याला तीच माणसे त्याच बाकावर येऊन बसत. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून हरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून तिने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार होता अस्लम इनामदार.

अस्लम हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. शिरूरहून घोड नदीचा पूल ओलांडला की तो जिल्हा लागतो. दौंडहून भीमेचा पूल ओलांडला तरी तोच लागतो. म्हणून दोन्ही गावांत त्याला ‘आपल्या पलीकडचा’ म्हणतात. पुढच्याच हंगामात पलटण आठव्या क्रमांकावर घसरली. अस्लमला दुखापतीने बाहेर बसावे लागले. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि दबंग दिल्लीकडून हरली. या चढउतारांत अस्लमच्या वाट्याला शाबासकी आली आणि बोलणीही आली. आम्ही ऐकलेली बोलणी अशी होती: ‘त्या वेळी चढाई त्याने स्वतः करायला हवी होती’, ‘गुडघा बरा नव्हता तर उतरला कशाला?’ त्याची जात, धर्म, निष्ठा यांविषयी आमच्या कानांवर काही आले नाही. त्याला चुकीबद्दल मोकळेपणाने बोलता येते, इतका तो लोकांना आपला वाटतो. आम्हांला त्या विजेतेपदाइतकेच या बोलण्यांचे मोल वाटते.

कारण सगळीकडे असे घडत नाही. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत विसाव्या षटकांच्या विश्वचषकात पाकिस्तानने भारताला १० गडी राखून हरवले. त्या दिवशी एकाही भारतीय गोलंदाजाला एकही बळी मिळाला नाही. अकरा जणांचा पराभव होता. तरी रात्रीतून समाजमाध्यमांवर शिव्यांचा पूर आला तो मोहम्मद शमीच्या नावावर, आणि तो त्याच्या धर्मावरून. त्याच्या चेंडूंचा टप्पा कसा होता यावर बोलायला कुणाला वेळ नव्हता. आठवड्याच्या आत कर्णधार विराट कोहलीने पत्रकारांसमोर या प्रकाराची स्पष्ट शब्दांत निर्भर्त्सना केली, हे नमूद केले पाहिजे. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला आणि त्यालाही त्याच्या धर्मावरून देशद्रोही ठरवणारे निघाले. वाडेकरांच्या घरावर दगड पडले, ते वाईटच होते. पण हा देश तुमचा आहे का, असे वाडेकरांना कुणी विचारले नव्हते. दगड आणि हा प्रश्न यांतला फरक ज्याला विचारले जाते त्यालाच नेमका कळतो.

अशा पराभवानंतर टपरीवर बसलेल्या मुसलमान चाहत्याची अवस्था पाहा. शमीने खराब गोलंदाजी केली असे तो म्हणाला, तर शिव्या देणाऱ्यांच्या सुरात सूर मिळवल्यासारखे होते. एकट्या शमीचा दोष नाही म्हणाला, तर तो ‘आपल्या माणसाची’ बाजू घेतो असे ठरते. गप्प बसला, तर हा गप्प का, असा अर्थ निघतो. त्याच्या दुःखाचे वजन केले जाते. मग हळूहळू एक सवय जडते. संघाबद्दल चांगलेच बोलायचे, इतरांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवायच्या, चूक दिसली तरी ती दुसऱ्याने बोलून दाखवेपर्यंत थांबायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा फार चांगला, कधीही न कुरकुरणारा चाहता वाटेल. पण भीतीपोटी केलेल्या स्तुतीला पाठिंबा म्हणता येत नाही.

घरातला माणूस जेवताना ‘आज भाजी अळणी झालीय’ असे बिनदिक्कत म्हणतो. पाहुणा ‘छान झालीय’ म्हणतो आणि मुकाट्याने जेवतो. घर कुणाचे आहे हे या एका वाक्यावरून कळते. ज्याला संघाला नावे ठेवायची मुभा नाही, त्याला त्या घरात पाहुण्याचे पान वाढले आहे, मग त्याचा आदर कितीही होवो.

आमच्या घरांतले वडीलधारे सांगतात, ‘बेटा, मॅच देखो और सीधे घर आओ. बहस नको.’ या सल्ल्याची कुणी टिंगल करू नये. तो पुस्तकातून आलेला नाही. ज्यांनी बाजार बंद झालेले पाहिले त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. एखाद्या तापलेल्या रात्री तो शहाणपणाचाच असतो. पण एका रात्रीचा सल्ला पिढीची रीत झाला, तर त्याची किंमत मुले मोजतात. दहा वर्षांचे पोर घरात ‘आपण हरलो’ म्हणून रडते आणि बाहेर निर्विकार चेहरा करायला शिकते. त्याला शाळेत आम्ही ‘आपण’ शिकवतो. गल्लीत ते ‘आम्ही’ शिकून येते.

दोन वर्षांनी, २०२३ च्या विश्वचषकात, त्याच शमीने स्पर्धेतले सर्वाधिक २४ बळी घेतले. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५७ धावांत सात. सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले. आमच्या गावांतही फटाके वाजले, आणि आनंद खरा होता. तरी शिक्षक म्हणून मनात आले, की मुले यातून काय शिकली असतील? सात बळी घेतले की आपले, एकही मिळाला नाही की परके, असा धडा त्यांनी घेतला तर तो आनंद अपुरा आहे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले आयुष्यात सात बळी घेणार नाहीत. ती झेल सोडतील, नापास होतील, दुकान बुडवतील, साधी नोकरी करतील. त्यांना ‘आपण’मध्ये जागा मिळायची ती या सगळ्यांसकट मिळायला हवी.

याच हक्काचा दुसरा भाग म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाला चांगले म्हणणे. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला. २७१ धावांचा पाठलाग होता. सचिन पाठदुखी सोसत १३६ धावा करून बाद झाला आणि उरलेले गडी चार धावांत गेले. स्टेडियम क्षणभर सुन्न झाले. मग लोक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्या संघाने मैदानाला फेरी मारली. चेन्नईच्या त्या प्रेक्षकांचा आजही गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. कारण त्यांचे आपलेपण कुणी तपासत नव्हते. घराबद्दल निर्धास्त असलेला माणूसच शेजाऱ्याच्या अंगणातल्या फुलांची तारीफ करू शकतो. शिरूरच्या किंवा दौंडच्या उर्दू शाळेतल्या मुलाने ‘सकलेनने फार सुंदर गोलंदाजी केली होती’ असे म्हटले आणि ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावली, तर ते चेन्नईइतकेच मोठे होईल.

कुणी विचारेल, टपरीवर केलेली टीका खेळाडूपर्यंत पोचते थोडीच? पोचत नाही. आमच्या बोलण्याने कुणाची पकड सुधारत नाही की कुणाचा टप्पा. ती टीका घडवते ती आम्हांलाच. हरलेल्या आपल्या माणसाशी खरे बोलण्याचा आणि तरी त्याच्यासोबत राहण्याचा तो सराव असतो. हाच सराव पुढे घरात लागतो, मोहल्ल्यात लागतो, जमातीत लागतो, देशात लागतो. आमच्या घरांत एक हदीस लहानपणापासून ऐकवली जाते. तिचा आशय असा, की भाऊ जुलूम सोसणारा असो वा करणारा, त्याला मदत करा. आणि जुलूम करणाऱ्याला मदत म्हणजे त्याचा हात धरून त्याला रोखणे. भावाची साथ आणि त्याला अडवणे या दोन गोष्टी तिथे एकाच नात्यात बसवल्या आहेत. टपरीवरच्या दोन पंथांचे भांडण मिटायचे तर ते इथेच मिटेल. धीर देणारा आणि दोष दाखवणारा हे एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांचाही शत्रू आहे तो हरल्याबरोबर ‘ते’ म्हणून उठून जाणारा, आणि दुसऱ्याला ‘आपण’ म्हणू न देणारा.

तेव्हा मुलांना ‘नेहमी चांगलेच बोला’ असे आम्ही सांगत नाही, आणि ‘तोंडाला येईल ते बोला’ असेही नाही. टीका खेळावर करावी, जन्मावर करू नये. आजच्या चुकीवर करावी, माणसाच्या सबंध आयुष्यावर करू नये. जे त्याच्या तोंडावर बोलता येणार नाही ते पाठीमागे बोलू नये. आणि बोलून झाल्यावर पुढचा सामना बघायला यावे. एवढे पाळले तर टीकेला कुणी भ्यायचे कारण नाही, करणाऱ्यानेही आणि ऐकणाऱ्यानेही.

आमच्या शाळांचे कबड्डीचे संघ केंद्र पातळीवर कसेबसे टिकतात आणि बीट पातळीवर बहुतेक वेळा हरतात. परतीच्या टेम्पोत आधी थोडे रडणे होते. मग कुणीतरी म्हणते, ‘आपण हरलो, कारण आपण उजवा कोपरा मोकळा सोडला.’ उजव्या कोपऱ्यावरची मुलगी खाली बघते, मग म्हणते, ‘हो, सोडला. पण तू मला साखळी कुठे दिलीस?’ भांडण गावाच्या वेशीपर्यंत चालते. त्यात आम्ही शिक्षक पडत नाही. फक्त कुणी ‘हिच्यामुळे हरलो’ म्हटले, तर तेवढे वाक्य दुरुस्त करून घेतो.